डिझाइन पॅटर्नची व्याख्या तर्कशास्त्रात बांधता येते का?

शेवंती

मंडळी, गेल्या बुधवारी ऑफिसात एका कोड रिव्ह्यूवर (एकाने लिहिलेला कोड बाकीच्यांनी तपासताना) पाऊण तास वाद झाला. विषय डिझाइन पॅटर्नचा, म्हणजे प्रोग्रॅम रचताना वारंवार येणाऱ्या अडचणींवरच्या नाव दिलेल्या तोडग्यांचा. तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

प्रसंग असा. टीममधल्या एका मुलाने ऑर्डरची स्थिती बदलली की बिलिंगला आणि गोदामाला कळवणारा कोड लिहिला. ऑर्डरच्या क्लासमध्येच (क्लास म्हणजे एका प्रकारच्या ऑब्जेक्टचा साचा, मेथड म्हणजे त्याने करायचं एक काम) त्या दोन क्लासची नावं घेऊन त्यांच्या मेथड एकापाठोपाठ एक बोलावल्या होत्या आणि वर टिप्पणी होती, 'ऑब्झर्व्हर पॅटर्न'. एकीचं म्हणणं, एक बदलतो आणि बाकीच्यांना कळतं, म्हणजे झालाच की ऑब्झर्व्हर. दुसऱ्याचं म्हणणं, मध्ये इंटरफेस (ठरलेला सामाईक करार) नाही, जोडण्या-सोडण्याची सोय नाही, मग हा ऑब्झर्व्हर कसला? दोघांनीही तेच पुस्तक उघडलं, गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचं, १९९४ सालचं, २३ पॅटर्नवालं. आणि दोघांनाही त्यात आपापल्या बाजूचा आधार सापडला.

घरी येऊन मी वहीत सिंगलटन हा पॅटर्न लिहून पाहिला (∀ म्हणजे 'कुठलाही'):

∀क्ष ∀य ( ऑब्जेक्ट(क्ष, क) ∧ ऑब्जेक्ट(य, क) → क्ष = य )

म्हणजे 'क' या क्लासचे कुठलेही दोन ऑब्जेक्ट उचला, ते दोन नसून एकच निघतील. एका ओळीत बसलं, फार बरं वाटलं! मग ऑब्झर्व्हरला हात घातला आणि दीड पान भरलं तरी समाधान होईना.

तर प्रश्न असा, की 'हा कोड म्हणजे अमुक पॅटर्न आहे की नाही' याचा निवाडा करता येईल अशी तर्कशास्त्रीय व्याख्या करता येते का? कुणी केली आहे का? आणि केली तर रोजच्या कामात तिचा उपयोग होतो का?

लोकलप्रवासी

वाचतोय. आमच्याकडे हाच वाद स्टेट आणि स्ट्रॅटेजी या दोन पॅटर्नवरून दर दोन महिन्यांनी होतो. दोन्हींची चित्रं शेजारी ठेवली तर नावं झाकल्यावर कुठलं कुठलं ते सांगता येत नाही. त्यावरही कुणीतरी लिहा.

कोकणकडा

मी आर्किटेक्ट, पण विटा-सिमेंटवाला. त्यामुळे थोडं मुळाशी जातो.

पॅटर्न हा शब्द तुमच्याकडे आला तो ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकारांकडून. १९७७ च्या त्यांच्या ग्रंथात २५३ पॅटर्न आहेत, गाव कसं वसावं इथपासून खिडकीपाशी बसायची जागा कशी असावी इथपर्यंत. त्यातला एक मला फार आवडतो. खोलीला दोन बाजूंनी उजेड असावा, कारण एकाच बाजूने उजेड असेल तर समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव नीट दिसत नाहीत आणि माणसं त्या खोलीत रमत नाहीत. आता हे सूत्रात कसं घालणार? 'खिडक्या(खोली) ≥ २' लिहाल. मग कुणीतरी दुसरी खिडकी डक्टमध्ये उघडेल आणि म्हणेल, पॅटर्न पाळला! मुंबईत अशा खिडक्या मी रोज बघतो.

पॅटर्नमध्ये अडचण, परिस्थिती आणि तोडगा तिन्ही एकत्र असतात. सूत्रात फक्त तोडग्याचा सांगाडा उतरतो. माझं मत स्पष्ट आहे, पॅटर्नची व्याख्या करू नये. तो ओळखता यावा, बस.

नैयायिक

कोकणकडा, डक्टमधली खिडकी हे नेमकं उदाहरण दिलंत. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात त्या दोषाला नाव आहे, अतिव्याप्ती.

लक्षण म्हणजे व्याख्या. लक्षणाचे तीन दोष आणि गायीचं पारंपरिक उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'एकसंध खुराची ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. म्हणून नैयायिक गळ्याखालच्या पोळीवर येऊन थांबतात.

हीच कसोटी सिंगलटनला लावा. 'कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारा कोड) खाजगी आणि ऑब्जेक्ट देणारी एक स्टॅटिक मेथड' हे लक्षण सर्रास सांगतात. पण तीच मेथड किल्लीनुसार पाच वेगवेगळे ऑब्जेक्टही देऊ शकते, म्हणजे अतिव्याप्ती. उलट जावा या भाषेत एकाच सदस्याचा इनम (ठरावीक सदस्यांचा प्रकार) लिहून पक्का सिंगलटन होतो आणि त्यात अशी मेथड लिहावीच लागत नाही, म्हणजे अव्याप्ती. म्हैस आत आणि गाय बाहेर, दोन्ही एकाच व्याख्येत.

शेवंतीताईंचं सूत्र यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे, पण त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. एकच, पण कशाच्या मर्यादेत? जावात दोन क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारे भाग) असले की त्याच क्लासचे दोन 'एकमेव' ऑब्जेक्ट सुखाने नांदतात. नव्यन्यायात यासाठी अवच्छेदक, म्हणजे मर्यादा दाखवणारा, लागतो. झाडावर माकड बसलंय, तर झाडाला माकडाचा संयोग आहे की नाही? फांदीच्या मर्यादेत आहे, बुंध्याच्या मर्यादेत नाही. सिंगलटनचंही तसंच. क्लासलोडरच्या मर्यादेत एक, प्रोसेसच्या मर्यादेत कदाचित दोन, दहा सर्व्हरच्या मर्यादेत किमान दहा.

ब्रह्मकमळ

नैयायिक, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

माझं शिक्षण फॉर्मल मेथड्समध्ये (प्रोग्रॅमची गणिताने मांडणी आणि पडताळणी) झालं, सध्या नेदरलँड्समध्ये असते. शेवंती, तुझ्या 'कुणी केली आहे का' या प्रश्नाचं उत्तर आहे, हो, बऱ्याच जणांनी, आणि सगळ्यांनी सारखीच वाट धरलेली नाही.

पहिली वाट रचनेची. अम्नोन ईडन यांनी लेपस नावाची भाषा केली, पुढे तिची लेपस३ ही आवृत्ती आली. पाया प्रथमकोटी विधेय तर्कशास्त्राचा (वस्तू, त्यांचे संबंध आणि 'प्रत्येक', 'काही' अशी विधानं), आणि वाक्यं चित्रांनी लिहायची. त्यात क्लास, मेथड आणि त्यांचे संच हे विषय. 'वारसा घेतो', 'बोलावतो', 'निर्माण करतो' हे संबंध. गंमत आहे ती संचांच्या विधानात. फॅक्टरी मेथड हा पॅटर्न घ्या. तिथे नुसतं 'काही फॅक्टरी काही वस्तू बनवतात' म्हणून भागत नाही. प्रत्येक फॅक्टरीची मेथड आपल्या जोडीदार वस्तूच्याच क्लासचा ऑब्जेक्ट बनवते, म्हणजे दोन संचांत एकास एक जोड्या लागतात. लेपसमध्ये या जोड्यांसाठी स्वतंत्र विधेय आहे. नवी फॅक्टरी घातली आणि तिची वस्तू घालायची राहिली, तर सूत्र खोटं ठरतं आणि हे तपासायला प्रोग्रॅम चालवावा लागत नाही.

दुसरी वाट वागणुकीची. फिनलंडच्या टॉमी मिक्कोनेन यांनी १९९८ मध्ये पॅटर्न डिस्को या पद्धतीत मांडले. तिचा पाया लेस्ली लॅम्पोर्ट यांचं कृतींचं कालिक (काळाबद्दल बोलणारं) तर्कशास्त्र, म्हणजे टीएलए. इथे क्लास कुणाचा वारस हा मुद्दाच नसतो. कुठली कृती कधी घडू शकते आणि घडल्यावर काय बदलतं, एवढंच. तैबी आणि न्गो यांनी नंतर दोन्ही वाटा एकत्र केल्या, रचनेला प्रथमकोटी आणि वागणुकीला टीएलए.

तुझं दीड पान का भरलं तेही यातून कळेल. सिंगलटनचं सूत्र एका क्षणाचा फोटो आहे. ऑब्झर्व्हरमध्ये 'बदल झाला की नंतर कळतं' असं आहे. हा 'नंतर' साध्या विधेय तर्कशास्त्रात आणायचा तर काळालाच एक चल करून वागवावं लागतं. कालिक तर्कशास्त्रात ती एकच ओळ होते:

□ ( बदल(वि) ∧ जोडलेला(नि, वि) → ◇ कळलं(नि, वि) )

चौकोन म्हणजे 'नेहमी', हिरा म्हणजे 'कधीतरी पुढे'. 'वि' हा बदलणारा विषय, 'नि' हा त्याच्यावर नजर ठेवणारा निरीक्षक.

टिंबटिंब

पण गोडेल या गणितज्ञाने सिद्ध केलंय ना, की सगळं तर्कशास्त्रात बसत नाही? मग हा सगळा खटाटोप मुळातच अशक्य नाही का?

ब्रह्मकमळ

टिंबटिंब, गोडेलची अपूर्णता अंकगणित पेलणाऱ्या पद्धतींमधल्या सिद्धतेबद्दल आहे. तिच्यामुळे व्याख्या लिहिणं अशक्य होत नाही. इथे आडवा येतो तो राइसचा सिद्धांत, १९५३ चा. प्रोग्रॅमच्या वागणुकीबद्दलचा कुठलाही बिनक्षुल्लक (काहींत असलेला, काहींत नसलेला) गुण सगळ्या प्रोग्रॅमसाठी यांत्रिकपणे ठरवता येत नाही. म्हणून 'हा कोड ऑब्झर्व्हरसारखा वागतो का' याचं उत्तर दर वेळी अचूक देणारं यंत्र बनणार नाही. पण 'हा क्लास त्या क्लासचं नाव घेतो का' हा प्रश्न कोडच्या मजकुराबद्दलचा आहे, तो खुशाल तपासता येतो.

लोकलप्रवासी

आणि माझं स्टेट-स्ट्रॅटेजी? :)

ब्रह्मकमळ

विसरले नाही. रचनेच्या सूत्रात दोघं एकच आहेत, तुझी तक्रार शंभर टक्के खरी. वागणुकीत थोडा फरक दिसतो. स्टेटमध्ये काम चालू असताना आतला ऑब्जेक्ट आपोआप बदलतो, स्ट्रॅटेजीत तो सहसा बाहेरून कुणीतरी निवडून देतो. पण स्टेटमध्ये हा बदल कोण करतं, मूळ ऑब्जेक्ट की स्थितीचे क्लास, हे पुस्तकाने मोकळं सोडलंय. म्हणजे सूत्रात 'करतोच' लिहिता येत नाही, 'करू शकतो' लिहावं लागतं, आणि तेवढ्याने स्ट्रॅटेजी बाहेर पडत नाही. इथे कोकणकडांचं म्हणणं मला मान्य आहे. हेतू सूत्रात आला नाही.

खारुताई

मी दहा वर्षं टेस्टिंग आणि आता प्रोजेक्ट सांभाळते, म्हणून वेगळ्या बाजूने बोलते. पूर्वी मी जिथे होते तिथे एका प्रकल्पात झेड या गणिती भाषेत जाडजूड स्पेसिफिकेशन (प्रोग्रॅमने काय करायचं याचं वर्णन) लिहून घेतलं होतं. लिहिणारे दोघं फार हुशार होते. सहा महिन्यांत ते दुसरीकडे गेले, कोड पुढे सरकत राहिला आणि ते कागद तिथेच राहिले. वर्षभराने नवीन मुलांना त्यातली चिन्हं वाचता येत नव्हती आणि ज्याला येत होती त्याला कोडशी मेळ लागत नव्हता. चुकीचं स्पेसिफिकेशन नसलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वाईट, कारण माणसं त्यावर विश्वास ठेवतात.

आता आमच्याकडे आर्कयुनिट हे साधन वापरतात. 'ऑर्डरच्या पॅकेजने बिलिंगच्या पॅकेजवर अवलंबून राहू नये' असा नियम जावातच टेस्ट म्हणून लिहायचा, आणि कुणी मोडला की बिल्ड लाल, म्हणजे तपासणी नापास. ते विधेय तर्कशास्त्रच आहे ना? 'या संचातला कुठलाही क्लास त्या संचातल्या कुठल्याही क्लासवर अवलंबून नाही.' फक्त कुणाला ∀ शिकवावा लागला नाही, आणि नियम कोडच्या शेजारी राहतो म्हणून शिळा होत नाही.

जुना_खेळाडू

चर्चा वाचून आनंद झाला. मी निवृत्त आहे. फॉर्मल मेथड्स म्हणजे परदेशी विद्यापीठांतला विषय, असं नवीन मुलांना वाटतं म्हणून थोडी माहिती. पुण्यात १९८१ पासून टीआरडीडीसी ही टाटांची संशोधन संस्था आहे, तिथे प्रोग्रॅमच्या पडताळणीवर वर्षानुवर्षं काम झालंय. आयआयटी मुंबईतही याच विषयाचं केंद्र आहे. आणि हे प्रत्यक्षात उतरतं. पॅरिसच्या मेट्रोची १४ नंबरची मार्गिका १९९८ मध्ये सुरू झाली, तिच्या बिनचालक गाड्यांचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर बी-मेथड या फॉर्मल पद्धतीने सिद्ध करत लिहिलेलं आहे.

अर्थात ती रेल्वे होती. ऑर्डर आणि बिलांसाठी एवढा खर्च कुणी करणार नाही, खारुताईंचा मुद्दा रास्तच आहे.

गोदाकाठ

मी इथे फक्त वाचणारा, पण ऑब्झर्व्हरने माझ्या दोन रात्री खाल्ल्यात, त्यामुळे लिहितोच.

आमच्याकडे बाजारभाव बदलला की उघड्या खिडक्यांना कळवायचं असा कोड होता. खिडक्यांची यादी, त्यावर फेरी, प्रत्येकीला निरोप. एका खिडकीने निरोप मिळताच ठरवलं की आपलं काम संपलं, आणि तिने स्वतःला यादीतून काढलं. फेरी चालू असतानाच! जावाने एक्सेप्शन फेकलं (चूक कळवून काम तिथेच थांबवलं), बाकीच्या खिडक्यांवर जुने भाव तसेच राहिले. मी यादीची प्रत काढून त्या प्रतीवर फेरी मारायला लागलो. सुटला प्रश्न, असं वाटलं.

आठवड्याने नवीन तक्रार. बंद केलेल्या खिडकीला निरोप जातोय आणि ती मेलेल्या कनेक्शनवर लिहायला बघतेय. कारण उघड आहे. प्रत काढल्यावर ती यादीतून गेली, पण प्रतीत होतीच.

तेव्हा चिडून मी टीएलए+, म्हणजे टीएलएवर आधारलेली भाषा, शिकायला बसलो. ब्रह्मकमळताईंनी दिलंय जवळपास तेच सूत्र लिहिलं. आणि तिथेच अडलो, कारण सूत्र मला प्रश्न विचारायला लागलं. बदल झाला तेव्हा जोडलेला होता, पण निरोप पोचण्याआधी सुटला, तर त्याला कळायला हवं का? सूत्र म्हणतं हवं. माझी खिडकी म्हणते नको. मग अट बदलली, 'कधीतरी कळेल किंवा त्याआधी सुटेल'. त्याच्या जोडीला दुसरी अट, 'सुटल्यानंतर निरोप येणार नाही'. ही दुसरी लिहिताच मॉडेल तपासणाऱ्या टीएलसीने पाच पायऱ्यांचा घटनाक्रम समोर ठेवला. जोडला, बदल, प्रत, सुटला, निरोप. माझ्या दोन रात्री त्या पाच ओळींत होत्या.

अजून एक. भाव दोनदा बदलला आणि निरोप एकदाच गेला, तर चालेल का? भाव दाखवायला चालेल, शेवटचा कळला म्हणजे झालं. व्यवहारांची नोंद ठेवायला अजिबात चालणार नाही. दोन्हीला आपण ऑब्झर्व्हरच म्हणतो.

त्या चौघांच्या पुस्तकात, यादी फिरत असताना बदलली तर काय, हा विषय इटरेटरच्या (यादीवर फेरी मारण्याचा पॅटर्न) प्रकरणात आहे, ऑब्झर्व्हरच्या नाही. निरोप देण्याआधी विषयाची स्थिती सुसंगत हवी, हे मात्र ऑब्झर्व्हरमध्ये लिहिलंय. म्हणजे लेखकांनीही काही अटी मांडल्या, फक्त गद्यात.

नैयायिक

गोदाकाठ, अप्रतिम. 'सूत्र मला प्रश्न विचारायला लागलं', लक्षण करण्याचा खरा लाभ हाच.

टिंबटिंब

गोदाकाठ यांना +१. माझ्या गोडेलबद्दलच्या गैरसमजाबद्दल ब्रह्मकमळ यांचे आभार.

जरा अवांतर: संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्व्हिग यांनी १९९६ मध्ये दाखवलं होतं की २३ पैकी १६ पॅटर्न लिस्प किंवा डायलनसारख्या भाषेत फार सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. मग रचनेचं सूत्र पॅटर्नचं की जावा-सीप्लसप्लसचं?

ब्रह्मकमळ

अवांतर नाही, अगदी मुद्द्याचं आहे. स्ट्रॅटेजी म्हणजे पायथनमध्ये एक फंक्शन पाठवणं. लेपसचं चित्र तिथे लागूच होत नाही. गोदाकाठांच्या अटी मात्र कुठल्याही भाषेत तशाच राहतात. म्हणून माझा कल वागणुकीकडे आहे.

आणि सिंगलटनबद्दल एक राहिलं. जावातलं जुनं दुहेरी तपासणीचं लॉकिंग आठवतं का, ऑब्जेक्ट बनलाय का हे कुलूप लावण्याआधी आणि नंतर असं दोनदा बघणारं? २००४ मध्ये जावा ५ आलं आणि मेमरी मॉडेल (एका थ्रेडचे बदल दुसऱ्याला कधी दिसतात याचे नियम) सुधारलं, त्याआधी ते लॉकिंग मोडकं होतं. पण मोडकं कसं? ऑब्जेक्ट एकच बनत होता! शेवंतीचं सूत्र तिथे खरं आहे. फक्त दुसऱ्या थ्रेडला, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाला, तो अर्धवट बनलेला दिसू शकत होता. सूत्र खरं आणि प्रोग्रॅम चूक, कारण 'जो दिसेल तो पूर्ण बनलेला असेल' ही अट आपल्यापैकी कुणी लिहिलीच नव्हती.

कोकणकडा

दोन दिवस विचार करत होतो. माझ्याच विधानाला एक दुरुस्ती. अलेक्झांडर यांच्या २५३ मध्ये बाल्कनीचाही पॅटर्न आहे, सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी कुणी वापरत नाही. सहा फूट! हा चक्क मोजता येणारा निकष आहे. आणि हे गृहस्थ मुळात गणित शिकलेले. १९६४ च्या पुस्तकात त्यांनी गुजरातमधल्या एका खेड्याच्या १४१ गरजा मांडून, कुठली गरज कुठल्या गरजेशी अडकते याचं जाळं गणिताने फोडून दाखवलं होतं. पुढे १९७१ च्या प्रस्तावनेत तेच म्हणाले की पद्धतीच्या मागे लागू नका.

म्हणजे आकडेमोडीतून गेलेला माणूस पॅटर्नपाशी पोचला. 'व्याख्या करू नये' हे माझं वाक्य मी मागे घेतो. 'व्याख्येत आलं तेवढंच म्हणजे पॅटर्न, असं मानू नये', इतकंच ठेवतो. डक्टमधल्या खिडकीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज टीमसोबत बसले, त्याचं सांगते.

चिन्हं वापरली नाहीत. खारुताईंचं ऐकून फळ्यावर साध्या भाषेत चार वाक्यं लिहिली. एक, ऑर्डर बदलली की जोडलेल्या प्रत्येकाला कळतं. दोन, ऑर्डरच्या क्लासला बिलिंग आणि गोदामाची नावं माहीत नसतात. तीन, प्रोग्रॅम चालू असताना जोडता-सोडता येतं. चार, सुटल्यावर निरोप येत नाही. मग विचारलं, तुमचा ऑब्झर्व्हर यातल्या कुठल्या वाक्यांचा?

एकीने फक्त पहिलं धरलं, दुसऱ्याने पहिली तीन. चौथ्याचा विचार कुणीच केला नव्हता. भांडण कोडवर नव्हतंच, दोघांची व्याख्या वेगळी होती. पाऊण तासाचा वाद पाच मिनिटांत उलगडला.

पण पुढचं मला अपेक्षित नव्हतं. ज्या मुलाने कोड लिहिला होता तो पहिल्या वाक्याकडे बघत बसला होता. म्हणाला, ताई, हेही खरं नाहीये. बिलिंगच्या मेथडने एक्सेप्शन फेकलं तर पुढची ओळ चालत नाही, गोदामाला कळतच नाही. 'प्रत्येकाला' हा शब्द माझ्या कोडमध्ये खोटा आहे.

लोकलप्रवासी

शाब्बास त्या मुलाची! मग काय ठरलं? बिलिंग फसलं तरी गोदामाला कळवायचं?

शेवंती

आम्ही तेच करायला निघालो होतो. एक्सेप्शन पकडा, पुढच्याला निरोप द्या. तेवढ्यात गोदामाचं काम बघणारी सहकारी म्हणाली, थांबा, बिल झालं नसताना मला निरोप आला तर मी माल बाहेर काढेन.

म्हणजे आम्हाला क्रम हवा होता. बिल झालं तरच गोदाम. ऑब्झर्व्हरमध्ये निरीक्षकांना एकमेकांची खबर नसते आणि कुणाला आधी कळेल याची हमी नसते. आमच्या कामाला तो पॅटर्न लागतच नव्हता, दोन्ही बाजू नको त्या गोष्टीवर भांडत होत्या.

आता त्या कोडमध्ये बिलिंग आणि त्यानंतर गोदाम असा सरळ क्रम आहे. 'ऑब्झर्व्हर' ही टिप्पणी काढली. तिच्या जागी त्या मुलाने स्वतःहून एक ओळ लिहिली आहे: 'गोदामाला कळलं असेल, तर त्याआधी बिल झालेलं असतं.' त्याची टेस्टही त्यानेच लिहिली.